घरचा जमाखर्च : पायाभरणीपूर्वीं मांडावयाचा एक हिशेब

वलगांवाहून एका वाचक कुटुंबाचें पत्र गेल्या महिन्यांत आमचेकडे आलें. पत्राखालीं एक सोडून तीन सह्या असून तिघांचें म्हणणें तीन तऱ्हेचें आहे. गांवठाणांतील त्यांचा वाडा शंभर वर्षांहून जुना. जोतें काळ्या दगडाचें, खांब सागवानी, भिंती पांढऱ्या मातीच्या व दोन हात रुंद, वर धाबें. मागची बाजू गेल्या दोन पावसाळ्यांत खचली. गांवाबाहेर अमरावतीच्या रस्त्यालगत एका लेआउटमध्यें घेतलेल्या प्लॉटवर दुमजली स्लॅबचें घर उठवावें, असें थोरल्या बंधूंच्या मनांत आहे. धाकटे बंधु म्हणतात, वाडवडिलांची जागा सोडूं नये. वाडा पाडून तेथेंच नवें बांधावें. पुतण्या पुण्यास शिकून आलेला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, यांपैकीं कोणताही नकाशा पक्का करण्यापूर्वीं त्या घरापायीं त्याच्या उभ्या आयुष्यांत किती कर्बवायु हवेंत जाईल, याचा अदमास घ्यावा. "हें विलायती खूळ आहे, कीं यांत कांहीं अर्थ आहे?" असा थोरल्या बंधूंचा आम्हांस रोकडा सवाल आहे. घरांत सर्वांत वडील असलेल्या काकूंची सही मात्र पत्रावर नाहीं.

सवाल रोकडा आहे, तेव्हां उत्तरही रोकडेंच देतों. यांत अर्थ आहे. आणि तो आतांच आहे, पाया भरल्यानंतर फारसा उरणार नाहीं.

कर्बवायु म्हणजे आपल्या वडिलांच्या शाळेंतील कर्बाम्लवायु, आजच्या मुलांचा कार्बन डायऑक्साइड. हवा तापविण्यास तो कसा कारण होतो, हें आतां घरोघरीं माहीत आहे. घरापायीं तो दोन वाटांनीं बाहेर पडतो. एक वाट घर उभें राहण्यापूर्वींची: सिमेंटची, पोलादाची आणि विटांची भट्टी, व माल वाहणारे ट्रक. दुसरी वाट राहावयास गेल्यावरची: दिवे, पंखे, कूलर, पंप, दुरुस्त्या, आणि अखेर एके दिवशीं पाडापाडी. युरोपांत 2011 सालीं ई. एन. 15978 या मानकानें या साऱ्या टप्प्यांचीं खातीं-पोटखातीं पाडून दिलीं. डेन्मार्क देशानें तर 2023 सालीं मोठ्या नव्या इमारतींस दर चौरस मीटरमागें वर्षास 12 किलोची मर्यादा कायद्यानेंच घातली होती. तिकडील कायदा वलगांवच्या घरास लागू नाहीं हें खरें. परंतु जमाखर्च मांडण्याची रीत कोणाच्याही घरीं चालते.

या दोन वाटांत एक फरक आहे, आणि सारी गोम त्यांतच आहे. विजेचा कर्बवायु हप्त्यांनीं जातो. आज आपल्या देशांतील एक युनिट वीज निर्माण होतांना सरासरीनें सुमारें 0.7 किलो कर्बवायु बाहेर पडतो. पुढें सूर्याची व वाऱ्याची वीज वाढेल तसा तो आंकडा उतरेल. उद्यां धाब्यावर सौर पट्ट्या बसवितां येतील, जुना पंखा काढून नवा लावतां येईल. बांधकामाचा कर्बवायु मात्र एकरकमी जातो. देवघरांत पहिली समई लागण्यापूर्वींच तो हवेंत गेलेला असतो, आणि पुढें कितीही काटकसर केली तरी त्यांतील छटांकभरही परत येत नाहीं.

आतां आंकडे पाहूं. थोरल्या बंधूंनीं कंत्राटदाराचा कच्चा नकाशा सोबत जोडला आहे: दोन मजले मिळून 3,600 चौरस फूट, खालीं मोटारीसाठीं मोकळे खांब, समोर मोठा दिवाणखाना. स्लॅबच्या घरास दर चौरस फुटामागें सिमेंट सुमारें 0.4 पोतें व लोखंड सुमारें 4 किलो, हा ठोकताळा कोणताही कंत्राटदार सांगेल. म्हणजे 1,440 पोतीं, अर्थात् 72 टन सिमेंट. आणि साडेचौदा टनांच्या जवळपास लोखंड. सिमेंट कांहीं साधें भाजून होत नाहीं. चुनखडी तापली म्हणजे शंभर भागांतून 44 भाग वजन कर्बवायु होऊन उडून जातें. हा रसायनाचाच धर्म आहे, भट्टी कितीही सुधारली तरी तो चुकत नाहीं. त्यावर सुमारें 1,450 अंशांपर्यंत तापविण्याचा कोळसा निराळा. राख मिसळलेलें सिमेंट धरूनही टनामागें सुमारें 0.7 टन, म्हणजे 50 टन कर्बवायु झाला. आपल्याकडील पोलादास टनामागें अडीच टन धरतात. ते 36 टन. छत्तीस हजार विटा, दर विटेस 0.3 किलो प्रमाणें, आणखी अकरा टन. वाहतूक, फरशा, रंग मिळून शंभर टनांच्या घरांत आंकडा जातो.

शंभर टन म्हणजे किती, हें टनांत बोलून ध्यानांत येत नाहीं. या कुटुंबांत बारा माणसें आहेत. महिन्यास सरासरी 600 युनिट वीज धरली तर वर्षास पांच टन होतात. म्हणजे घर बांधतांनाच बारा माणसांची वीस वर्षांची वीज जळून जाते.

हा हिशेब तंतोतंत नाहीं, हें पुतण्यानें प्रामाणिकपणें लिहिलें आहे, व थोरल्या बंधूंनीं तेंच वाक्य तांबड्या शाईनें अधोरेखित केलें आहे. परंतु आरंभींच्या हिशेबाचें काम तंतोतंत असणें हें नव्हेच. लग्नाच्या यादीवर पंगतीचा अंदाज काढतांना भाताचीं शितें कोणी मोजीत नाहीं. दोनशें पानें कीं पांचशें, एवढें कळलें म्हणजे आचारी सांगतां येतो. दोन नकाशे शेजारीं ठेवले असतां एक दुसऱ्याच्या दुप्पट-अडीचपट निघत असेल, तर आंकड्यांत शेंकडा वीसांची चूक असूनही निकाल फिरत नाहीं. उलट अचूक आंकडे हवे असतील तर सारे खांब, तुळया, सळया ठरून जाईपर्यंत थांबावें लागेल, आणि तोंवर बदलण्यासारखें कांहीं शिल्लक राहात नाहीं. मग राहतो तो फरशीचा रंग. पेन्सिलीची रेघ खोडावयास पैसा पडत नाहीं. कॉलम फोडावयास पडतो.

तेव्हां पेन्सिलीच्या वेळीं विचारावयाचा पहिला प्रश्न कोणता? वऱ्हाडांत तरी तो मातीचा आहे. आपल्याकडे शेतास काळी व गांवठाणास पांढरी म्हणण्याची चाल आहे. ती केवळ बोलण्याची लकब नव्हे. काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते, आणि वैशाखांत तिच्या भेगांत हात जाईल इतकी तडकते. कपाशीस ती उत्तम आणि भिंतीस वैरीण. आपल्या पूर्वजांनीं गांव पांढरीवर वसविलें, घराच्या भिंतीही त्याच पांढऱ्या मातीच्या घातल्या, आणि काळी पिकासाठीं राखली. गांवाबाहेरील लेआउट बहुधा कालपर्यंतचें शेत असतें. तेथें घर बांधावयाचें तर काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत पाया उतरवावा लागतो, किंवा तळाशीं फुगवटा दिलेल्या खोल खुंटांवर घर उचलून धरावें लागतें. दोन्ही उपाय चांगले आहेत, आम्ही त्यांस नांवें ठेवीत नाहीं. पण ते सिमेंट व लोखंड मागतात, आणि वरच्या शंभर टनांत त्यांचा समावेश नाहीं. थोरल्या बंधूंनीं प्लॉट स्वस्त मिळाला असें लिहिलें आहे. जमिनीच्या भावांत पायाचा भाव धरलेला नसतो.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि तो संकोचाचा आहे. नकाशांत आठ खोल्या आहेत. त्यांतील तीन पुण्या-मुंबईस असलेल्या मंडळींकरितां. तीं मंडळी दिवाळीस आणि मे महिन्यांत मिळून वर्षास पंधरा-वीस दिवस येतात. एकत्र कुटुंबाचें घर म्हटलें कीं प्रत्येक भावाच्या नांवानें एक खोली हवी, ही भावना आम्ही जाणतों. ती खोली म्हणजे घरावरील हक्काची खूण असते, निजण्याची जागा नव्हे. तरी वर्षांतून साडेतीनशें दिवस कुलूप असलेल्या खोलीसही सिमेंट तितकेंच लागतें. याच वलगांवच्या परिसरांत 20 डिसेंबर 1956 रोजीं गाडगे महाराजांनीं देह ठेविला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथें त्यांनीं लोकांसाठीं धर्मशाळा उठविल्या. स्वतः मात्र खापर आणि काठी घेऊन हिंडले. आम्ही कोणास धर्मशाळेंत राहावयास सांगत नाहीं, परंतु बांधलेल्या जागेंत किती दिवस माणूस राहणार, हा प्रश्न वलगांवांत तरी अगदींच परका वाटूं नये.

तिसरा प्रश्न, आहे त्यांतलें काय ठेवावें. यासाठीं आम्ही अमरावतीहून मुद्दाम वलगांवास जाऊन वाडा पाहून आलों. मागची बाजू खरोखर गेली आहे. तुळयांस वाळवी लागली आहे, भिंतीस बुडापासून ओल आहे, आणि ती वांचवा असें सांगणें हा हट्ट होईल. पुढचा भाग, सुमारें 1,400 चौरस फुटांचा, निराळा आहे. जोतें हाललेलें नाहीं, ओटीचे खांब ठणठणीत आहेत. वाळलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्मा कर्ब असतो. शंभर किलोच्या एका तुळईंत झाडानें हवेंतून ओढून घेतलेला सुमारें 180 किलो कर्बवायु कोंडलेला असतो. ती तुळई जागेवर राहिली तर तो तसाच कोंडलेला राहतो. जळणांत गेली तर बाहेर येतो, आणि तिच्या जागीं येणारें लोखंड आणखी घालतें तें वेगळें.

पुढचा भाग राखून मागें 1,500 चौरस फूट नवें बांधावें, खांबांच्या सांगाड्याऐवजीं भार भिंतींवर घ्यावा, मोटार अंगणांतल्या लिंबाखालीं उभी करावी, दिवाणखाना नवा न करतां ओटीच ठेवावी, असा नकाशा पुतण्यानें आमचेसमोर पेन्सिलीनें काढला. त्यांत लोखंड तीन टनांवर येतें, सिमेंट बावीस-तेवीस टनांवर. दुरुस्ती धरूनही बेरीज चाळीस टनांच्या आंत राहते. साठ टन वांचले; म्हणजे वर सांगितल्या मापानें घरच्या बारा वर्षांच्या विजेइतके. विटा उंदीर-सापळा पद्धतीनें रचल्या, म्हणजे लॉरी बेकर यांनीं केरळांत रूढ केलेल्या, मध्यें पोकळी ठेवणाऱ्या बांधणीनें, तर सुमारें चतुर्थांश विटा आणखी वांचतात, आणि पोकळीमुळें उष्णताही कमी येते. नांदगांव पेठच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटा मिळत असतील तर त्या भट्टींत भाजाव्या लागत नाहींत, हा लाभ आहेच.

थोरले बंधु हें सारें शांतपणें ऐकत होते. मग त्यांनीं विचारलें, "आणि मे महिन्यांत या ओटीवर माणूस जगेल काय?" प्रश्न रास्त होता. पारा 45 अंशांवर चढतो त्या मुलखांत उन्हाळ्याचा हिशेब सोडून केलेला नकाशा कागदावरच शोभतो. मातीची रुंद भिंत दुपारचें ऊन आंत येऊं देण्यास रात्र करते, आणि तोंवर दारें-खिडक्या उघडून वारा घेतां येतो. चार-पांच इंची स्लॅबखालीं वरच्या मजल्यावर दुपार तिसऱ्या प्रहरींच उतरते. आणखी एक गोष्ट नकाशाच्या वेळींच ठरते, ती यंत्राची. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळें येथें वाळ्याच्या ताटीचा कूलर चालतो. पण कूलरला वारा बाहेर जाण्यास समोरची खिडकी लागते. वातानुकूलन यंत्रास उलट बंद खोली लागते. तीन यंत्रें, दिवसाचे आठ तास, उन्हाळ्याचे चार महिने असें धरलें तर कूलरांस सहाशें युनिटांच्या आंत वीज पुरते, वातानुकूलन यंत्रांस साडेतीन हजारांहून अधिक. वर्षास दोन टनांहून जास्त फरक झाला, आणि तो खिडक्या कोठें काढल्या यावर अवलंबून राहिला. इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आंत यावी, याची मर्यादा आपल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें 2018 च्या इको निवास संहितेंत दर चौरस मीटरमागें 15 वॅट अशी घालून दिली आहे. नकाशा काढणाऱ्यास ती विचारून पाहावी.

एवढें होईपर्यंत काकू माजघराच्या उंबऱ्याशीं बसून ऐकत होत्या. वाडा राहावा असें त्यांस वाटत असणार, असें आम्ही धरूनच चाललों होतों. घरांतील सर्वांनींही तसेंच धरलें होतें. त्या म्हणाल्या, "हिशेब कराच. पण दर दिवाळीआधीं या भिंती सारवतें कोण, आणि मिरगाच्या आधीं धाब्यावर माती चढवून घेतें कोण, तेंही एकदां त्या कागदावर मांडा. चाळीस वर्षें मी केलें. सुनेनें तें करावें असें मला वाटत नाहीं. म्हणून मी सही केली नाहीं."

पुतण्याच्या कागदावर सिमेंट होतें, लोखंड होतें, विटा होत्या, विजेचे युनिट होते. काकूंचे हात नव्हते. आमच्याही नव्हते, हें कबूल करतों. मातीच्या घराची वाखाणणी करणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत, एक-दोन लिहिलेही आहेत. त्यांतील बहुतेक पुरुषांचे आहेत. दर वर्षींची सारवण ही कर्बवायूच्या खात्यांत जवळजवळ शून्य येते, म्हणून ती फुकट ठरत नाहीं. तेव्हां पुढच्या भागाच्या हिशेबांत आम्हीं दोन रकमा तेथेंच बसून वाढविल्या. भिंतींस आंतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, आणि धाब्याची माती उतरवून त्याच वाशांवर विटांचा थर व चुन्याचा कोबा. चुनाही चुनखडी भाजूनच होतो, परंतु सिमेंटाहून पुष्कळ कमी आंचेवर, आणि भिंतीवर लागल्यानंतर हवेंतील कर्बवायु ओढून घेत पुनः दगड होत जातो. या वाढीनें दोन-तीन टन अधिक झाले तर होऊं द्यावे. मागील नव्या भागावर स्लॅबऐवजीं कमानीचें छत घालतां येईल, अशीही एक सूचना आम्हीं केली: वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या, एकमेकींत बसणाऱ्या शंक्वाकृति नळ्यांचीं लोखंडाविना छतें सिद्ध केलीं आहेत. थोरल्या बंधूंस ही सूचना रुचली नाहीं. त्यावर पुढें मजला चढवितां येत नाहीं, ही त्यांची हरकत खरी आहे.

वर्ध्याचें नांव निघालें म्हणून सांगतों. 1936 सालीं गांधीजी सेवाग्रामीं राहावयास गेले, तेव्हां त्यांच्या घरासाठीं साहित्य व कारागीर तेथलेच असावे आणि खर्च अमुक रकमेच्या आंत असावा, हें घर आखण्यापूर्वीं ठरलें होतें. आदर्श घराचें साहित्य घरापासून पांच मैलांच्या आंत मिळावें, हें गांधीजींचें म्हणणें लॉरी बेकर आवर्जून सांगत. त्या काळीं कर्बवायूचा विचार कोणाच्या मनांतही नव्हता. परंतु मर्यादा आधीं आणि रेघ मागून, हा क्रम तोच आहे. हल्लीं नकाशा आधीं होतो, मग अंदाजपत्रक, आणि सर्वांत शेवटीं, घर विकावयाचें असेल तर, हिरवें प्रमाणपत्र.

एक बाब राहिली, ती आयुष्याची. असे हिशेब बहुधा पन्नास वर्षें धरून करतात. वाड्यानें त्याच्या दुप्पट काढलीं आहेत. शंभर टनांचें घर शंभर वर्षें टिकलें तर वर्षास एक टन पडतो. तीस वर्षांत सळया गंजून सुटले, तर तीन टनांवर जातो आणि पुनः नवा पाया. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा येथून फार लांब नाहीं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यानें काँक्रीट कालविलें तर आंतलें लोखंड लवकर खातें. म्हणूनच सळईच्या काँक्रीटासाठीं पाण्यांत क्लोराइड लिटरमागें 500 मिलिग्रॅमहून अधिक असूं नये, असें भारतीय मानक 456 सांगतें. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकांत पाण्याची तपासणी ही बाब आम्हांस कोठें आढळली नाहीं.

आम्ही निघतेवेळीं धाकट्या बंधूंनीं परसांतील विहिरीचें पाणी दोन बाटल्यांत भरून तपासणीसाठीं अमरावतीस नेण्याकरितां आमच्याच हवालीं केलें. लेआउटमधील प्लॉट विकावयाचा कीं ठेवावयाचा, यावर बंधूंचें अद्याप एकमत नाहीं. भूमिपूजनाचा मुहूर्त पावसाळ्यापुढें ढकलला आहे. पुतण्या नकाशा नव्यानें काढीत आहे, आणि काकूंनीं त्यास बजावून ठेविलें आहे कीं, छताचा कागद आधीं दाखव, सहीचें मग पाहूं.